तळपायाचा तीळ आणि आतड्यातील गाठ

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



कर्करोग म्हटला की मनुष्य तो शरीराच्या एखाद्या ठिकाणाशी जोडतो. तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयाचा, जठराचा असे त्याचे प्रकार सांगितले जातात. परंतु काही कर्करोग जेथे जन्म घेतात तेथेच राहत नाहीत. त्वचेवर उगम पावलेला एक रोग कित्येक वर्षांनी पोटात प्रकट होतो, आणि त्या वेळी त्याच्या उगमाची कोणाला आठवणही नसते. आजचा विषय हा अशाच रोगाचा आहे. त्याचे नाव मेलॅनोमा.

प्रारंभी एक उदाहरण कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. ते कोणा एका व्यक्तीचे नाही, अशा रुग्णांत जे पुनःपुन्हा आढळते त्याचे ते संकलित रूप आहे. पासष्टीच्या एका गृहस्थांना काही महिन्यांपासून थकवा जाणवतो. जिना चढताना धाप लागते. घरचे म्हणतात, वय झाले, त्यात उपवास चालतात, अशक्तपणा येणारच. रक्त तपासले जाते, हिमोग्लोबिन सात निघते, लोहाच्या गोळ्या सुरू होतात. थोडा फरक पडतो आणि पुन्हा घसरण होते. मध्येच जेवणानंतर पोटात कळ येते. जठराची व मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी होते, पण काहीही सापडत नाही. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या टाचेवरचा एक काळा डाग काढून टाकला होता, हे कोणीही डॉक्टरांना सांगत नाही. गृहस्थांना तो ‘साधा तीळ’ म्हणूनच सांगितलेला असतो. अहवालात कर्करोग लिहिला होता, पण त्यांना धक्का बसू नये म्हणून मुलांनी तो कागद कपाटात ठेवलेला असतो. या एका कागदाअभावी निदानाला आणखी सहा महिने लागतात.

हे सहा महिने वाचवता येतात, हे आजच्या विवेचनाचे सार आहे.

रोगाची ओळख

मानवी त्वचेत रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी असतात. त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात. त्वचेचा सावळा वा गोरा वर्ण, तसेच तीळ, हे या पेशींचेच कार्य होय. याच पेशी अनिर्बंध वाढू लागल्या म्हणजे मेलॅनोमा होतो. त्वचेच्या कर्करोगाचे इतर प्रकार संख्येने अधिक असले तरी ते बहुधा जागच्या जागी वाढतात. मेलॅनोमा मात्र लसिकावाहिन्यांतून व रक्तातून दूर पसरण्याच्या स्वभावाचा आहे, म्हणून तो अधिक घातक ठरतो.

वैद्यकाला हा रोग नवा नाही. लंडनचे प्रख्यात शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७८७ मध्ये एका रुग्णाच्या जबड्यामागची काळसर गाठ काढून ती जतन करून ठेवली. ती मेलॅनोमाची होती हे १९६८ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली निश्चित झाले. स्टेथोस्कोपचे जनक, फ्रान्सचे रेने लेनेक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या रोगाचे स्वतंत्र वर्णन केले व त्याला ‘काळा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिले. पुढे १९७० मध्ये अमेरिकेतील ब्रेस्लो यांनी दाखवून दिले की गाठ त्वचेत किती मिलिमीटर खोल गेली आहे यावर रुग्णाचे भवितव्य मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. एक मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचा मेलॅनोमा वेळेवर काढला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. जाडी वाढत जाते तसा पसरण्याचा धोका वाढत जातो. आजही प्रत्येक अहवालात ही जाडी लिहिली जाते.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे, गोऱ्या कातडीवर पडणाऱ्या प्रखर उन्हामुळे, या रोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. भारतात तो विरळ आहे. लाख लोकसंख्येमागे वर्षाला एक रुग्णही आढळत नाही. परंतु विरळ असल्यामुळेच आपल्याकडे तो उशिरा ओळखला जातो. शिवाय आपल्याकडे तो उन्हाच्या जागी न होता बहुधा तळपाय, तळहात, नखाखालची त्वचा आणि गुदद्वाराजवळचे श्लेष्मल अस्तर अशा झाकलेल्या जागी होतो. जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये आढळलेला रोग याच जातीचा होता. १९८१ मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आतड्याकडेच का?

मेलॅनोमा फुफ्फुस, यकृत, मेंदू अशा अनेक अवयवांत जातो. परंतु अन्नमार्गाकडे त्याची विशेष ओढ दिसते. इतर अवयवांतून अन्नमार्गात पसरणाऱ्या कर्करोगांत मेलॅनोमाचे स्थान अग्रभागी आहे. त्यातही लहान आतडे हे त्याचे आवडते ठिकाण होय. त्यानंतर मोठे आतडे व जठर येतात. अन्ननलिकेत तो क्वचितच जातो. यामागचे एक कारण संशोधकांना सापडले आहे. लहान आतड्याचे अस्तर एक रासायनिक संकेत सोडते, आणि त्या संकेताने प्रतिकारशक्तीच्या पेशी तेथे बोलावल्या जातात. काही मेलॅनोमा पेशींच्या पृष्ठभागावर तोच संकेत ओळखणारा ग्राहक आढळतो. घरच्या माणसासाठी उघडलेल्या दारातून परका आत यावा, तसा हा प्रकार आहे.

या रोगाने दगावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनात निम्म्याहून अधिक जणांच्या अन्नमार्गात गाठी आढळल्याचे अभ्यास सांगतात. मात्र हयातीत असे निदान होणाऱ्यांचे प्रमाण शंभरात पाचांच्याही आत असते. या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे न ओळखलेला रोग होय. मूळ डाग काढल्यानंतर दोन-तीन वर्षांत, कधी दहा वर्षांनी, तर क्वचित त्याहूनही उशिरा आतड्यात गाठ प्रकटते. काही रुग्णांत मूळ डाग सापडतच नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीने तो पुसून टाकलेला असतो, पण त्याआधीच त्याच्या पेशी पुढे निघून गेलेल्या असतात.

लक्षणे

आतड्यातील गाठ आरंभी मूक असते. पुढे चार प्रकारची लक्षणे दिसतात. पहिले, हळूहळू होणारा रक्तस्राव. तो डोळ्यांना दिसेलच असे नाही. शौचास डांबरासारखी काळी, चिकट होते, किंवा केवळ रक्तक्षय दिसून येतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळपट होतो, त्यामुळे फसगत होण्याचा संभव असतो. दुसरे, थांबून थांबून येणारी पोटातील कळ, विशेषतः जेवणानंतर. तिसरे, आतड्याचा मार्ग अडणे. गाठ आतड्याच्या आत लोंबू लागली म्हणजे आतड्याची लाट तिला पुढे ओढते आणि आतड्याचा एक भाग पुढच्या भागात, दुर्बिणीच्या नळ्या एकात एक सरकाव्यात तसा, शिरतो. लहान मुलांत हा विकार गाठीविना होतो. प्रौढ माणसात तो झाला तर मागे गाठ असण्याची शक्यता मोठी असते. चौथे, कारणाविना घटणारे वजन व मंदावलेली भूक.

यांपैकी कोणतेही लक्षण एकट्या मेलॅनोमाचे नाही. मूळव्याध, अल्सर, क्षयरोग या सर्वांत ती दिसू शकतात, आणि तेच आजार कितीतरी पटींनी अधिक असतात. म्हणून लक्षणांनी घाबरून जाऊ नये. परंतु ज्या व्यक्तीचा मेलॅनोमा पूर्वी काढलेला आहे, तिच्यात रक्तक्षय किंवा पोटाची नवी तक्रार दिसली तर ती आतड्यातील गाठीची असू शकते असे मानून तपासणी सुरू करावी.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. गुदद्वाराजवळ जो मेलॅनोमा होतो तो बहुधा तेथेच जन्मलेला असतो, त्वचेवरून आलेला नसतो. त्याचे रक्त पडणे आणि बाहेर येणारा कोंब हुबेहूब मूळव्याधीसारखा दिसतो. अनेक महिने मलमे आणि घरगुती औषधे चालतात. मूळव्याधीचा उपचार करूनही रक्त थांबत नसेल तर बोटाने व छोट्या दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. या तपासणीला पाच मिनिटे लागतात. ती टाळण्यामागे बहुतेक वेळा संकोचाशिवाय दुसरे कारण नसते.

निदानाचा मार्ग

लहान आतडे सुमारे सहा मीटर लांबीचे असते. जठराची दुर्बीण त्याच्या आरंभापर्यंत आणि मोठ्या आतड्याची दुर्बीण त्याच्या शेवटच्या काही सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. मधला सर्व प्रदेश या दोन्ही दुर्बिणींना दिसत नाही. म्हणून ‘दोन्ही तपासण्या निर्दोष आल्या’ याचा अर्थ आतडे निर्दोष आहे असा होत नाही.

पोटाचा सीटी स्कॅन ही सहसा पहिली पायरी असते. त्यात मोठ्या गाठी, मार्गाचा अडथळा व यकृतातील प्रसार कळतो, परंतु लहान गाठी निसटतात. पेट स्कॅनमध्ये शर्करेसारखे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून दिले जाते. कर्कपेशी साखर अधिक शोषतात, म्हणून त्या चित्रात उजळ दिसतात. मेलॅनोमाचा सर्व शरीरातील प्रसार शोधण्यात ही तपासणी अधिक संवेदनशील आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे आतडे या चित्रात स्वाभाविकपणेच उजळते आणि गाठ झाकली जाऊ शकते. त्यांनी ते औषध चालू असल्याचे तपासणीपूर्वी आवर्जून सांगावे.

त्यापुढची पायरी म्हणजे कॅप्सूल एंडोस्कोपी. इस्रायलचे अभियंते गॅव्रिएल इद्दान यांनी मोठ्या गोळीएवढा कॅमेरा तयार केला आणि २००१ मध्ये अमेरिकेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली. रुग्ण तो पाण्याबरोबर गिळतो. सुमारे आठ तास तो आतड्यातून प्रवास करीत हजारो छायाचित्रे पाठवतो व शौचावाटे बाहेर पडतो. मात्र मार्ग अरुंद झाला असेल तर हीच कॅप्सूल अडकून बसण्याचा धोका असतो. म्हणून अडथळ्याची लक्षणे असणाऱ्यांत आधी स्कॅन करून खात्री केली जाते. शिवाय कॅप्सूल पाहते, पण तुकडा काढू शकत नाही. त्यासाठी जपानचे हिरोनोरी यामामोतो यांनी विकसित केलेली दोन फुग्यांची लांब दुर्बीण उपयोगी पडते. फुगे आळीपाळीने फुगवून आतडे तिच्यावर गोळा केले जाते व खोलवर पोहोचता येते.

अंतिम निर्णय बायोप्सीचा. येथेही एक फसवी बाब आहे. आतड्यातील मेलॅनोमाची गाठ काळीच असते असे नाही. काही गाठींत रंगद्रव्य मुळीच नसते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या दुसऱ्याच कर्करोगासारख्या भासतात. एस-१००, एचएमबी-४५, मेलॅन-ए, सॉक्स-१० अशी विशेष रंजकपरीक्षा केल्यावरच खरी ओळख पटते. पण ही परीक्षा करावी असे तज्ज्ञास सुचावे कसे? पूर्वी तीळ काढला होता ही माहिती कागदावर असेल तरच ते चटकन सुचते. निदान पक्के झाल्यावर त्याच तुकड्यावर ब्रॅफ व किट या जनुकांतील बदल तपासतात. रक्तातील एलडीएच हे द्रव्य पाहतात आणि मेंदूचा एमआरआय करतात, कारण रोग आणखी कोठे आहे हे कळल्याशिवाय उपचाराची दिशा ठरत नाही.

उपचार : कालचे आणि आजचे

शस्त्रक्रियेचे दोन हेतू असतात. आतडे अडले, फाटले किंवा रक्तस्राव थांबेना, तर गाठीसह आतड्याचा तो भाग काढून टोके जोडणे हा तातडीचा उपाय होय. रोग अन्यत्र पसरलेला असला तरी या शस्त्रक्रियेने वेदना थांबतात, रुग्ण जेवू लागतो व पुढील उपचार घेण्याजोगा होतो. दुसरा हेतू सर्व दृश्य रोग काढून टाकण्याचा. कॅलिफोर्नियातील जॉन वेन कर्करोग संस्थेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अन्नमार्गातील सर्व गाठी काढता आलेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान सुमारे ४९ महिने, तर तसे न जमलेल्यांचे सुमारे पाच महिने आढळले. अर्थात ज्यांचा रोग मुळातच कमी पसरलेला होता त्यांच्याच सर्व गाठी काढता आल्या, हे या आकड्यांकडे पाहताना विसरू नये.

औषधांची कथा दीर्घकाळ निराशेची होती. १९७५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले डकार्बाझिन हे रसायन तीन दशके प्रमुख औषध राहिले, परंतु त्याने थोड्याच रुग्णांच्या गाठी आकसत. पसरलेल्या मेलॅनोमाचे रुग्ण बहुधा वर्षभरही जगत नसत.

२०११ हे वर्ष वळणाचे ठरले. शरीराच्या प्रतिकारपेशींना कर्कपेशी ओळखता येतात, पण त्या पेशींवर आवर घालणाऱ्या काही कळा असतात. अमेरिकेचे जेम्स ॲलिसन व जपानचे तासुकू होंजो यांनी अशा दोन कळांचे कार्य उलगडले. कळ सोडवणारे पहिले औषध, इपिलिमुमॅब, २०११ मध्ये मान्य झाले. पेंब्रोलिझुमॅब व निवोलुमॅब ही २०१४ मध्ये आली. या दोघा शास्त्रज्ञांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या उपचारास इम्युनोथेरपी म्हणतात. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या यकृतात व मेंदूत मेलॅनोमा पसरल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा ते नव्वदीत होते. शस्त्रक्रिया, किरणोपचार व पेंब्रोलिझुमॅब यांनंतर त्याच वर्षाअखेर रोगाच्या खुणा दिसेनाशा झाल्या. पुढे वयाची शंभर वर्षे पूर्ण करून २०२४ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले.

एका रुग्णाची कथा प्रमाण मानू नये, म्हणून आकडे पाहावेत. ९४५ रुग्णांवर केलेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. निवोलुमॅब व इपिलिमुमॅब ही दोन्ही औषधे मिळालेल्यांपैकी ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनी हयात होते. एकट्या इपिलिमुमॅबच्या गटात हे प्रमाण १९ टक्के होते. ज्या रोगात महिने मोजले जात, त्यात आता दशके मोजली जात आहेत. मात्र तळपायाच्या व श्लेष्मल अस्तराच्या मेलॅनोमात, म्हणजे आपल्याकडील बहुसंख्य प्रकारांत, या औषधांचा गुण तुलनेने कमी येतो. आशा जरूर बाळगावी, पण ती या माहितीसह बाळगावी.

दुसरा मार्ग लक्ष्यवेधी गोळ्यांचा. ब्रॅफ जनुकात विशिष्ट बदल असेल तरच त्या लागू पडतात. पाश्चात्त्य देशांत सुमारे निम्म्या त्वचा-मेलॅनोमांत हा बदल आढळतो, तळपायाच्या प्रकारात बराच कमी. दोन गोळ्या एकत्र दिल्यास गाठी झपाट्याने आकसतात, परंतु पुष्कळ रुग्णांत काही महिन्यांनी रोग त्यांना जुमानेनासा होतो. ब्रॅफ बदल असलेल्यांतही इम्युनोथेरपी आधी द्यावी, असा कौल एका अमेरिकन चाचणीने दिला. त्या क्रमाने दोन वर्षांनी ७२ टक्के, तर उलट क्रमाने ५२ टक्के रुग्ण हयात होते. किट जनुकातील बदल असलेल्या काहींना इमॅटिनिब या गोळीचा उपयोग होतो.

आतड्याच्या रुग्णाने एक धोका विशेष ध्यानात ठेवावा. इम्युनोथेरपीने मोकळी झालेली प्रतिकारशक्ती कधी स्वतःच्याच आतड्यावर चालून जाते. जुलाब, रक्त, पोटदुखी सुरू होते. ‘जेवणात काहीतरी आले असेल’ असे म्हणून घरी जुलाब थांबवणारी गोळी घेऊन बसणे घातक ठरते, कारण उपचार लांबला तर आतडे फाटू शकते. त्याच दिवशी रुग्णालयाला कळवावे. वेळेवर स्टेरॉइड दिल्यास बहुतेक रुग्ण सावरतात. उपचार संपल्यावर काही महिन्यांनीही हा त्रास उद्भवू शकतो.

खर्चाचा प्रश्न टाळून चालणार नाही. या औषधांचा वर्षभराचा खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने डोके व मान यांच्या कर्करोगात निवोलुमॅबची मात्रा नेहमीच्या एक दशांशाहूनही कमी ठेवून, इतर गोळ्यांसह, एक चाचणी केली. वर्षभराने हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तो रोग वेगळा आहे, म्हणून ते निष्कर्ष मेलॅनोमाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. परंतु उपचार सामान्यांच्या आवाक्यात आणण्याचा हा प्रयत्न भारतीय डॉक्टरांनी केला, ही आश्वासक बाब आहे. घर वा दागिने मोडण्यापूर्वी रुग्णालयातील समाजसेवा विभाग, शासकीय योजना व धर्मादाय निधी यांची चौकशी अवश्य करावी.

घराघरात काय करावे?

महिन्यातून एकदा स्नानानंतर अंगावरील तीळ पाहावेत. ज्याचे दोन अर्ध सारखे नाहीत, कडा वेड्यावाकड्या आहेत, रंग एकाहून अधिक आहेत, व्यास सहा मिलिमीटरपेक्षा मोठा आहे, आणि मुख्य म्हणजे जो बदलतो आहे, असा तीळ डॉक्टरांना दाखवावा. नखात उठलेली व रुंदावत जाणारी काळी रेघ, तळपायाची न भरणारी जखम यांकडेही लक्ष द्यावे. स्वतःचा तळपाय स्वतःला नीट दिसत नाही, तो घरातल्याने पाहावा. अनवाणी चालण्यानेच हा रोग होतो असे सिद्ध झालेले नाही. तरीही अनवाणी विहार करणाऱ्या साधू-साध्वींच्या तळपायावरील डाग सहज भेग वा कुरूप समजला जाण्याचा संभव असतो, याची जाणीव वैयावृत्त्य करणाऱ्यांनी ठेवावी.

चुना-सोडा लावून तीळ जाळण्याचा प्रघात अजूनही आहे. तो सर्वथा सोडावा. जळालेल्या तिळाबरोबर तपासणीचा पुरावा जळतो आणि खाली उरलेली मुळे वाढत राहतात. काढलेला प्रत्येक संशयास्पद तीळ तपासणीसाठी पाठवला जातो आहे ना, हे विचारून घ्यावे.

आणि तो अहवाल जपून ठेवावा. रुग्णापासून तो दडवू नये. आजार लपवणे ही माया वाटते, परंतु ज्याला स्वतःचा आजार ठाऊक नाही तो पुढच्या डॉक्टरला तो सांगू शकत नाही. सत्य हळुवारपणे, योग्य वेळी, आप्तांच्या सोबतीने सांगता येते. घरातील दागिन्यांचे व जमिनीचे कागद जसे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले जातात, तसाच हा एक कागद सांभाळावा. टाचेवरच्या त्या काळ्या डागाचा अहवाल पहिल्याच भेटीत डॉक्टरांच्या टेबलावर आला असता, तर उदाहरणातील त्या गृहस्थांचे सहा महिने वाचले असते.